आधी गाव, मग आडनाव: क्रोएशियन पूर्वजांचा माग कसा काढायचा

मराठी माणूस आडनावात गाव शोधतो. चिपळूणकर म्हटलं की चिपळूण, नागपूरकर म्हटलं की नागपूर. याच सवयीनं क्रोएशियन आडनावाकडे पाहिलं, तर पहिल्याच पायरीवर फसगत होते. कोवाचेविच म्हणजे लोहाराच्या घरचे, आणि लोहार तर गावोगाव होते. होर्वात हे तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. त्याचा अर्थच ‘क्रोएट’. त्यातून गाव काय कळणार? म्हणून या कामात उतरणाऱ्याला मी पहिल्यांदा सांगते: आडनाव जरा बाजूला ठेवा आणि गाव शोधा. क्रोएशियातल्या जुन्या नोंदी देशभराच्या एका यादीत नाहीत. त्या गाववार, किंबहुना चर्चच्या पॅरिशवार आहेत (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती). गाव हाती नसेल तर हजारो वह्यांपैकी कुठली उघडायची, हेच कळणार नाही.

आमचे जावई पिट्सबर्गचे. त्यांच्या पणजोबांच्या निमित्तानं मी या नादाला लागले. त्यानंतर अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या ओळखीच्या मराठी घरांतून तोच प्रश्न येत राहिला. सुनेचं किंवा जावयाचं घराणं मुळात ‘तिकडचं’, पण तिकडचं म्हणजे नेमकं कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही. हा लेख त्यांच्यासाठी. क्रोएशियन भाषा येत नसली तरी बरीच मजल मारता येते.

सुरुवात घरातून

इंटरनेटवर जाण्याआधी विहीणबाईंच्या घरातला बुटाचा जुना खोका उघडून घ्या. त्यात निघणाऱ्या क्षुल्लक चिठोऱ्या पुढे सोन्याच्या ठरतात. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलेली मयताची छापील कार्डं, गावाकडून आलेल्या पत्रांची पाकिटं (पत्रापेक्षा पाकीट महत्त्वाचं, कारण त्यावर पोस्टाचा शिक्का असतो), फोटोमागचा फोटोग्राफरचा पत्ता. कबरीवरचा दगडही पाहा. पहिल्या पिढीतले लोक पुष्कळदा त्यावर क्रोएशियन भाषेत मूळ गाव कोरून घेत.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारताना तीन प्रश्न चुकवू नका. गावाला घरात काय म्हणत? घराण्याला टोपणनाव होतं का? बरोबर आणखी कोण कोण आलं होतं? उत्तर जसं कानावर पडेल तसंच लिहा, शुद्धलेखन सुधारू नका. आजीनं ‘ब्रात्स’ म्हटलं तर तेच लिहा. ते ब्राच बेट आहे की आणखी काही, हे नंतर ठरवता येईल.

मग ज्या देशात आले, त्या देशाचे कागद

नवखे लोक ही पायरी गाळून थेट क्रोएशियाकडे धावतात. तसं करू नका. मूळ गावाचं नाव बहुधा नव्या देशाच्या कागदांतच सापडतं.

अमेरिकेचंच घेऊ. १९०७ पासूनच्या जहाजांच्या प्रवासी याद्यांत मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव आणि ठिकाण विचारलेलं असे. ही यादी दोन पानांवर पसरलेली असते आणि दुसरं पान लोक पाहतच नाहीत. ते आवर्जून पाहा. कुणाकडे चाललो आहोत, हेही तिथेच लिहिलेलं असतं: भाऊ, मेहुणा, गाववाला. १९०६ च्या कायद्यानंतरच्या नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मतारीख आणि जन्मस्थळ येतं. १९१७ आणि १९४२ च्या लष्करी नोंदणीच्या कार्डांवरही जन्मस्थळ असतं, आणि नागरिक न झालेल्यांनाही ही नोंदणी करावी लागे. १९३६ नंतर सोशल सिक्युरिटीसाठी भरलेल्या मूळ अर्जात आईवडिलांची नावं आहेत, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. शिवाय क्रोएशियन मंडळींची आपसांतली विमा-मदतीची संघटना १८९४ मध्ये पिट्सबर्ग परिसरातच उभी राहिली. आज ती क्रोएशियन फ्रॅटर्नल युनियन म्हणून ओळखली जाते. पणजोबा पोलादाच्या कारखान्यात किंवा खाणीत असतील तर ते तिचे सभासद असण्याची शक्यता मोठी. तिथल्या क्रोएशियन पॅरिशच्या लग्नाच्या नोंदीही पाहा; पाद्री गाववाला असेल तर त्यानं गावाचं नाव नीट लिहिलेलं असतं.

या कागदांत ‘देश: ऑस्ट्रिया’ किंवा ‘हंगेरी’ दिसलं की लोक गोंधळतात. १९१८ पर्यंत हा सगळा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. किनाऱ्याचा डाल्मेशिया आणि इस्त्रिया ऑस्ट्रियाच्या बाजूला, झाग्रेबकडचा क्रोएशिया आणि स्लावोनिया हंगेरीच्या मुकुटाखाली. त्यामुळे ‘ऑस्ट्रिया’ लिहिलं असेल तर किनाऱ्याकडे पाहा, ‘हंगेरी’ असेल तर आतल्या भागाकडे. हा पक्का नियम नव्हे, पण दिशा मिळते. ‘स्लावोनियन’ या शब्दावर मात्र भिस्त ठेवू नका. अमेरिकेत तो डाल्मेशियन लोकांनाही सर्रास लावत.

गेले केव्हा, याचाही अंदाज बांधता येतो. डाल्मेशियाची बेटं द्राक्षांवर जगत होती. १८९१ च्या करारानं इटलीची स्वस्त वाइन साम्राज्यात येऊ लागली, त्याच दशकात फायलोक्सेरा या किडीनं तिथले मळे धरले, आणि शिडाची जहाजं आगबोटींपुढे आधीच मागं पडली होती. बेटांवरची तरुण पोरं निघाली ती ब्राचहून चिलीला, डाल्मेशियातून न्यूझीलंडला कौरी झाडाचा डिंक खणायला, विसहून कॅलिफोर्नियाला मासेमारीला. १९०३ पासून रियेका ते न्यूयॉर्क अशी थेट बोट सुरू झाली. टायटॅनिकच्या वाचलेल्या प्रवाशांना उचलणारी कार्पेथिया त्या वेळी न्यूयॉर्कहून रियेकाकडेच चालली होती. पण सगळे रियेकाहून गेले असं धरून चालू नका. ल हाव्र, ब्रेमेन, हॅम्बुर्ग, अँटवर्प ही बंदरंही होतीच. हॅम्बुर्गच्या याद्या शिल्लक आहेत, ब्रेमेनच्या बहुतेक नष्ट झाल्या.

गावाचं नाव ओळखणं

कागदावर गाव मिळालं, तरी ते आजच्या नकाशावर सापडेलच असं नाही. साम्राज्यात इटालियन आणि जर्मन नावं चालत. फियुमे म्हणजे रियेका, झारा म्हणजे झादार, स्पालातो म्हणजे स्प्लिट, सेबेनिको म्हणजे शिबेनिक, रागुझा म्हणजे दुब्रोव्निक. लेसिना म्हणजे ह्वार, लिसा म्हणजे विस, कुर्झोला म्हणजे कोर्चुला. आग्राम म्हणजे झाग्रेब, एसेग म्हणजे ओसियेक, कार्लश्टाट म्हणजे कार्लोवात्स.

रागुझावरून आठवलं: गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला संत ब्लेझचं जुनं चर्च आहे. हाच संत दुब्रोव्निकचा पालक, आणि त्या चर्चचा संबंध तिथल्या व्यापाऱ्यांशी जोडला जातो. गोव्याकडच्या वाचकांनी एकदा जाऊन यायला हरकत नाही.

दुसरी अडचण एकाच नावाच्या अनेक गावांची. नोवो सेलो, म्हणजे नवं गाव, कितीतरी आहेत. जहाजाच्या यादीत आदल्या आणि पुढच्या ओळींतले प्रवासी पाहा. एकाच भागातले लोक जथ्यानं निघत, त्यामुळे शेजारच्या ओळीतल्या माणसाच्या गावावरून तुमचं कुठलं, हे कळतं. जुन्या नकाशांसाठी आर्कानुमच्या संकेतस्थळावर हाब्सबुर्ग काळातल्या लष्करी मोजणीचे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून पाहता येतात. तिथे चर्चची खूणही दिसते. ते महत्त्वाचं, कारण लहान गावाला स्वतःचं पॅरिश नसे. नोंदी दोन-तीन मैलांवरच्या मोठ्या गावच्या वहीत जात. गाव आणि त्याचं पॅरिश, ही जोडी जमली की निम्मं काम झालं.

वह्या

कॅथलिक चर्चनं ट्रेंटच्या धर्मपरिषदेत, १५६३ मध्ये, बाप्तिस्मा आणि लग्नांच्या नोंदी सक्तीच्या केल्या. १६१४ पासून मृत्यूच्या नोंदींचीही पद्धत पडली. क्रोएशियातली सगळ्यात जुनी बाप्तिस्म्याची वही त्याच्याही आधीची आहे, इस्त्रियातल्या उमागची, १४८३ पासूनची. पण हुरळून जाऊ नका. बहुतेक पॅरिशमध्ये सलग वह्या सतराव्या-अठराव्या शतकापासूनच मिळतात. काही वह्या युद्धांत गेल्या, दुसऱ्या महायुद्धात आणि १९९१ ते १९९५ च्या युद्धातही. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी देशभर १९४६ पासून सुरू झाली आणि चर्चच्या अलीकडच्या वह्या तेव्हा सरकारनं ताब्यात घेतल्या. याला अपवाद मेजिमुर्ये या उत्तरेकडच्या भागाचा. तो थेट हंगेरीत होता, म्हणून तिथे सरकारी नोंदणी १८९५ पासूनच आहे.

यातल्या फार मोठ्या भागाचे फोटो फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. फक्त खातं उघडावं लागतं. संग्रहाचं नाव ‘क्रोएशिया, चर्च बुक्स’. नवखा माणूस शोधपट्टीत नाव घालतो, काही येत नाही, आणि ‘आमची नोंद नाही’ म्हणून उठतो. नोंद असते, पण सगळ्या पानांची नावं यादीत चढलेली नाहीत. ‘ब्राउझ’ करून आधी धर्म, मग गाव, मग पॅरिश, मग वर्ष असं आत शिरा आणि पानं एकेक करून उलटा. कंटाळवाणं आहे, दुसरा रस्ता नाही. पुष्कळ वह्यांच्या शेवटी पाद्र्यानं स्वतः केलेली नामसूची असते. ती पहिल्या नावानं लावलेली असू शकते, आडनावानं नव्हे. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली, तर ते फोटो घरून दिसणार नाहीत, फॅमिलीसर्चच्या केंद्रात जाऊन पाहावे लागतील.

वही लॅटिनमध्ये असेल, किनाऱ्याला इटालियनमध्ये, मेजिमुर्येत हंगेरियनमध्ये, नंतर क्रोएशियनमध्ये. इस्त्रिया आणि डाल्मेशियाच्या काही गावांत ती ग्लागोलिटिक या जुन्या लिपीत निघते. तिथे सरळ जाणकाराला गाठा. बाकीच्या भाषांना घाबरू नका, कारण शब्द मोजके आणि तेच तेच असतात.

नमुना म्हणून मी एक लॅटिन नोंद रचते: ‘१८६८, १४ ९ब्रिस. मार्टिनुस, लेगिटिमुस. माथेउस युरिच एट काथारिना नाता बाबिच. नुमेरुस डोमुस २७.’ यातलं ‘९ब्रिस’ म्हणजे सप्टेंबर नव्हे, नोव्हेंबर. ७ब्रिस सप्टेंबर, ८ब्रिस ऑक्टोबर, ९ब्रिस नोव्हेंबर, १०ब्रिस डिसेंबर. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू होई, त्याचा हा अवशेष. तारीख नोव्हेंबरची आहे, हे मुलाच्या नावावरूनही पटतं: संत मार्टिनचा सण ११ नोव्हेंबरला, आणि जवळच्या सणाच्या संताचं नाव ठेवायची रीत होती. ‘लेगिटिमुस’ म्हणजे आईबापांचं रीतसर लग्न झालेलं. ‘नाता’ नंतर आईचं माहेरचं आडनाव. पण मला या नोंदीत सगळ्यात किमती वाटतो तो शेवटचा आकडा, घर क्रमांक २७. आडनाव युरिच असणारी गावात दहा घरं असतील, २७ नंबरचं घर एकच. भावंडं, आजीआजोबा, चुलते त्याच आकड्याखाली शोधत जा. एकत्र कुटुंबाची तिथली पद्धत, ‘झाद्रुगा’, लिका आणि स्लावोनियात बराच काळ टिकली. एका घरात तीन-चार भावांचे संसार असत, म्हणून एका आकड्याखाली तीन मार्टिन निघाले तर दचकू नका. लहान मूल गेलं की पुढच्याला तेच नाव देत, हेही लक्षात असू द्या. मृत्यूची वही न पाहता वंशावळ पुढे रेटली तर मेलेल्या बाळाचं लग्न लागतं.

आणखी एक वही नशिबात असेल तर मिळते. तिला ‘स्टाटुस आनिमारुम’ म्हणतात. पाद्र्यानं घराघराप्रमाणे मांडलेली ही कुटुंबांची यादी: कर्ता, बायको, मुलं, सुना, कोण कधी जन्मलं, कोण गेलं, आणि कधी कधी कडेला एकच शब्द, अमेरिका. ही सापडली तर महिन्यांचं काम एका दुपारी होतं. आपल्या पॅरिशची आहे का, हे आधी विचारा.

घराणं ऑर्थोडॉक्स असेल, तर त्यांच्या वह्या वेगळ्या आणि तारखा जुन्या जुलियन पंचांगाच्या. एकोणिसाव्या शतकात त्या १२ दिवस मागे असतात. आणि क्रोएशियन महिन्यांत ‘लिस्तोपाद’ म्हणजे ऑक्टोबर. मशीनकडून भाषांतर करताना हे स्वतः तपासा, कारण पोलिश आणि चेक भाषांत त्याच शब्दाचा अर्थ नोव्हेंबर होतो.

आता आडनाव

गाव मिळाल्यावर आडनाव खरं कामाला येतं. पहिली गोष्ट, त्याची रूपं. शेवटच्या ‘इच’मधल्या सी-वर एक तिरपी रेघ असते. परदेशात ती गळाली, किंवा तिच्या जागी सी-एच आलं. जे-चा उच्चार ‘य’ असल्यानं युरिच घराण्यानं अमेरिकेत वाय लिहायला घेतला. एस आणि झेडवरच्या टोप्या उडाल्या. ही सगळी रूपं कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकानं शोध घ्या. मागच्या काळात तर क्रोएशियातच एकसारखं लेखन नव्हतं. ल्युदेवित गाय यांनी १८३० मध्ये मांडलेली लेखनपद्धती पुढच्या काळात रुळली. त्याआधी पाद्री इटालियन किंवा हंगेरियन वळणानं, मनाला येईल तसं लिहीत. इस्त्रियात आणखी एक घोळ आहे. इटलीच्या फॅसिस्ट राजवटीनं १९२७ नंतर तिथली आडनावं इटालियन करायला लावली, त्यामुळे एकाच माणसाचा जन्म एका आडनावानं आणि लग्न दुसऱ्या आडनावानं नोंदलेलं दिसतं.

पहिल्या नावाचंही तसंच. वहीत योआनेस, घरात इवान किंवा इवे, अमेरिकेत जॉन. जॉर्ज शोधत असाल तर वहीत गेओर्गियुस आणि घरी युरे. स्टीव्ह म्हणजे स्तिपे, आणि वहीत स्तेफानुस.

आडनावाचा शेवट थोडीफार दिशा देतो. ‘एक’नं संपणारी झाग्रेबच्या वरच्या झागोर्येकडे जास्त. व्यवसायावरून आलेली सगळीकडे: कोवाच लोहार, लोंचार कुंभार, कोलार चाकं करणारा. नोवाक म्हणजे गावात नव्यानं आलेला. याहून भरवशाचं साधन म्हणजे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेला आडनावांचा मोठा कोश, ‘लेक्सिक प्रेझिमेना’. तो १९४८ च्या जनगणनेवर आधारलेला आहे आणि कुठलं आडनाव कुठल्या वस्तीत होतं, हे त्यात आहे. मोठ्या ग्रंथालयांत मिळतो. ऑनलाइन पाहायचं तर आक्टा क्रोएटिका हे संकेतस्थळ आहे. आडनाव दुर्मीळ असेल आणि दोन-तीनच गावांत असेल, तर गाव ठाऊक नसतानाही या वाटेनं पोचता येतं. होर्वात किंवा बाबिच असाल तर या वाटेला जाऊ नका.

आणि टोपणनाव. बेटांवर किंवा डोंगरातल्या गावात निम्मं गाव एका आडनावाचं, म्हणून प्रत्येक शाखेला वेगळं टोपणनाव असतं. वहीत ते आडनावापुढे ‘डिक्टुस’, ‘वुल्गो’ किंवा इटालियन ‘देत्तो’ लिहून येतं. बापाच्या नावाआधी ‘क्वोंडाम’, नुसता ‘क्यू’ किंवा क्रोएशियन ‘पोक.’ दिसलं तर तो कैलासवासी. दोन इवान वेगळे करायला याचा फार उपयोग होतो. गावात फोन करून आडनाव सांगितलंत तर पलीकडचा माणूस विचारेल, ‘कुठले?’ तेव्हा टोपणनाव सांगा.

पत्र कुणाला लिहायचं

ऑनलाइन न मिळालेलं तीन ठिकाणी असू शकतं: तालुक्याच्या ठिकाणचं नोंदणी कार्यालय (मातिच्नी उरेद), त्या भागाचं सरकारी अभिलेखागार, किंवा खुद्द चर्च. अलीकडचं नोंदणी कार्यालयात, जुनं अभिलेखागारात, असा साधारण हिशेब. मुख्य अभिलेखागार झाग्रेबला. झादार, स्प्लिट, दुब्रोव्निक, रियेका, पाझिन, ओसियेक, वाराझदिन अशी विभागीय वेगळी. स्प्लिटच्या अभिलेखागारात एकोणिसाव्या शतकातल्या जमीनमोजणीचे इस्त्रिया-डाल्मेशियाचे नकाशे आहेत. कुठला तुकडा कुणाचा, हे त्यांवरून कळतं.

पत्र क्रोएशियन भाषेत आणि आखूड लिहा. एका पत्रात एकाच माणसाबद्दल विचारा: नाव, आईबापांची नावं, गाव, अंदाजे वर्ष. ‘आमच्या घराण्याची सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही, आणि का यावं? पाद्र्याला लिहिताना चर्चसाठी थोडी देणगी देऊ करणं रीतीला धरून आहे.

काही जण हे सगळं नागरिकत्वासाठी करतात. १ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या बदलानं परदेशी गेलेल्यांच्या वंशजांवरची पिढ्यांची मर्यादा आणि भाषेची परीक्षा उठली. पूर्वज ८ ऑक्टोबर १९९१ च्या आधी कायमचा बाहेर पडलेला असावा लागतो, आणि युगोस्लाव्हियातल्याच दुसऱ्या भागात गेलेला त्यात धरत नाहीत. या कामाला वहीच्या पानाचा फोटो चालत नाही, कार्यालयाचा अधिकृत उतारा लागतो, आणि पूर्वजापासून अर्जदारापर्यंत जन्म-लग्नाची एकही कडी सुटता कामा नये. आपल्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर जोडीदाराबरोबर अर्ज करण्याआधी विचार करा: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. नेमके नियम वकिलातीतच विचारा.

प्रत्यक्ष गावी जायचं असेल तर १ नोव्हेंबरच्या सुमाराला जा. त्या दिवशी सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या घेऊन येतात. कुठल्या कबरीपाशी कोण उभं आहे, यावरून नातलग आपोआप कळतात. पाद्री मात्र त्या दिवशी फार कामात असतो. वही दाखवा म्हणायला दोन दिवसांनी जा.